देऱ्यातला बाबुना

विमान दुबईला टेकलं तेव्हा पिशवीत मूठभर बाबुना होता आणि डोक्यात मुंबईचा दलाल. युरोपातली ही पिवळी-पांढरी फुलं, पोटाच्या कळांवर आणि झोपेवर गुणकारी म्हणून, दलालाच्या भरवशावर मी सांगलीच्या माझ्या दुकानात ठेवली. गिऱ्हाइकांनी पुड्या परत आणल्या. नुसतं कडू! दलाल वर म्हणाला, "तुमच्या गावात परदेशी माल कळतो कुणाला?" ते मला झोंबलं. चांगला माल स्वतः निवडायचा, नाहीतर बाबुना कायमचा बंद, असं ठरवूनच दुबईच्या मसालेबाजाराला निघालो.

दुबईतल्या करामा वस्तीत बहिणीकडे उतरलो. भाचीने पिशवी हुंगली. "मामा, ओल्ड सॉक्स!"

सकाळी अब्रामधून (खाडीतली लाकडी होडी) पलीकडच्या काठावरच्या देऱ्याला गेलो. मसाल्यांच्या गल्लीत लोबानाचा धूर आणि वाळक्या काळ्या लिंबांची पोती. एका इराणी म्हाताऱ्याने बाबुना दाखवला. चुरडला, तर सफरचंदासारखा वास. त्याने भाव सांगितला, मी निम्मा केला. तो हसला. मी तडकलो.

"चव बघितल्याशिवाय घेणार नाही. काढा करा, चौथा हिस्सा उरेपर्यंत उकळा."

त्याने किटलीवर हात ठेवला. "उबालो तो खलास, हबीबी. ये फूल है, लकड़ी नहीं."

पेल्यात चिमूटभर फुलं, वर कढत पाणी, त्यावर बशी. जेवणानंतर पोटासाठी हेच, आणि गार करून फडकं भिजवलं की थकलेल्या डोळ्यांवर ठेवायचं, तो सांगत होता. मग बशी उचलून तिच्या आतल्या बाजूचे थेंब माझ्या नाकाशी धरले. "दवा यहाँ है."

खरंच होतं, थेंबांना तोच सफरचंदाचा वास. आम्ही हीच दवा उकळून वाफेवर घालवत होतो. तरी दलालाला निर्दोष सोडायची माझी तयारी नव्हती. पिशवीतली दलालाची फुलं पुढे केली. "याचंही असंच करा."

बशीला धुळीचा वास आला. म्हातारा म्हणाला, "ये तो झाड़ू है."

मुंबईहून निघाल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. मग भावासाठी दोनदा उठून चालू लागलो. त्याने एकदाही हाक मारली नाही. माझा मीच परत फिरलो आणि त्याने सांगितलेल्याच किमतीला गोणी घेतली.

सांगलीला परतल्यावर वाटलं, माल निवडण्याइतकाच तो वापरायला शिकवणंही दुकानदाराचंच काम. दलाल ते करणार नव्हता.

पहिल्याच दिवशी गिरणीवाल्या शांताबाई आल्या आणि पुडी उचलली. "किती वेळ उकळू?"

"उकळायचा नाही. कढत पाणी ओता, झाकून ठेवा."

"अहो, उकळल्याशिवाय काढा कसला?"

मी पुडी काढून घेतली. "मग नका नेऊ."

त्या जागच्या हलल्या नाहीत. "आणा इकडे. झाकून ठेवते. पण गुण नाही आला तर तोंडावर मारीन तुमच्या."

"मारा," मी म्हणालो आणि पुडी दिली.