साडेबारा टक्क्यांचा फोन

केंद्राच्या वहीतली माझी नोंद: ७ डिसेंबर १९९७, रविवार. रक्कम दीडशे रुपये, केंद्राच्या फोनखर्चासाठी. हजर: केंद्रप्रमुख, मी आणि सहा विद्यार्थी. पटावर नावं तेवीस होती.

देवळाली प्रवऱ्याच्या एका शाळेत दर रविवारी मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. शाळा अर्धवट सुटलेले लोक दहावीची तयारी करायचे. शिकवणारे गुरुजी दूर शहरातल्या स्टुडिओत असायचे. गच्चीवरच्या डिशमुळे ते त्याच क्षणी आमच्या टीव्हीवर दिसायचे. ते आम्हाला दिसत, आम्ही त्यांना दिसत नसू. काही विचारायचं किंवा सांगायचं तर फोन करायचा. फोन लागला की बोलणाऱ्याचा आवाज टीव्हीतून सगळ्या केंद्रांवर ऐकू यायचा.

मी दूध सोसायटीचा सचिव. केंद्राचं हजेरीपत्रक आणि खर्च फुकट सांभाळायचो, कारण माझी बायको त्या तेवीसमधली एक होती. नववीत तिची शाळा सुटली, त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

त्या दिवशी केंद्रप्रमुख म्हणाले, "वरून कळवलंय. पुढच्या तीन रविवारांत हजेरी पंधरावर गेली पाहिजे आणि एक तरी फोन स्टुडिओत लागला पाहिजे. नाहीतर डिश आणि टीव्ही नेवाशाला हलवणार."

नेवाशाला दर रविवारी जाणं आमच्या घराला जमणारं नव्हतं. म्हणजे बायकोची दहावी तिथंच संपणार होती.

लोक का येत नाहीत, ते मला दिसत होतं. गुरुजी प्रश्न विचारत, थोडं थांबत आणि म्हणत, "शाब्बास!" सुरुवातीला आमचे लोक ओरडून उत्तरं द्यायचे. वर्गातल्या गवंड्याला तर पंधरा दिवस वाटत होतं की गुरुजींना ऐकू जातं. चुकीच्या उत्तरालाही शाब्बास मिळाली, तेव्हा तो म्हणाला, "ह्यो माणूस भिंतीशी बोलतोय, आन् आमी भिंतीत बसलोय." पुढच्या रविवारी तो आला नाही.

मी पुढच्या वेळी सोसायटीतून येताना लिहायच्या वीस पाट्या घेऊन आलो. वर्गाचे दोन भाग केले, खिडकीकडचे आणि दाराकडचे. गुरुजी प्रश्नाबरोबर चार पर्याय देत आणि तीन मिनिटं थांबत. तेवढ्यात प्रत्येकाने पाटीवर पर्यायाचा आकडा लिहायचा आणि एकदम पाट्या वर करायच्या. मी मोजायचो. बरोबर पाटीला एक गुण, ज्यांचे गुण कमी त्यांनी सगळ्यांना चहा करायचा. ज्या आकड्याला जास्त मतं, तो वर्गाचा आकडा. तोच फोनवर सांगायचा, माझं उत्तर वेगळं असलं तरी.

फोन होता रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथमध्ये, वर्गापासून बासष्ट पावलांवर. उत्तर घेऊन पळत जाऊन नंबर फिरवेपर्यंत गुरुजी पुढच्या प्रश्नावर असायचे. म्हणून बूथवाल्याने वर्ग सुरू झाल्यापासून नंबर फिरवत राहायचा, बूथवर आपलं एक माणूस उभं करायचं आणि मी खिडकीतून मोठ्या पाटीवर वर्गाचा आकडा दाखवायचा, असं ठरलं.

"मी थांबते फोनला," बायको म्हणाली. "चौघांत पाटी वर करायची लाज वाटती. तिथं काय, नुसता आकडा वाचायचा."

१४ तारखेला अकरा जण आले. फोन शेवटपर्यंत गुंतलेला. २१ तारखेला सोळा आले, गवंडीही आला. फोन लागला आणि "हॅलो" म्हणताच तुटला.

२८ तारखेला सतरा हजर. सोळा वर्गात, एक बूथवर. गुरुजींनी प्रश्न घातला: सहाशे चाळीस रुपयांच्या साडीवर साडेबारा टक्के सूट, तर द्यायचे किती? एक, पाचशे वीस. दोन, पाचशे चाळीस. तीन, पाचशे साठ. चार, सहाशे.

पाट्या वर झाल्या. दोनला नऊ, तीनला पाच, चारला दोन.

गवंडी माझ्याकडे बघून म्हणाला, "सचिव, तुमचं तोंड पडलंय. तीन हाय व्हय?"

"माझं काही नाही. वर्गाचं दोन आहे."

मी खिडकीत दोनची पाटी धरली. तेवढ्यात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला आणि नेमका खिडकी आणि बूथ यांच्या मध्ये थांबला. पुढे बैलगाड्या अडकल्या होत्या. आणि टीव्हीतून गुरुजींचा आवाज आला, "देवळाली प्रवरा केंद्र? हां ताई, बोला. तुमचं उत्तर?"

सगळे टीव्हीकडे वळले. मग टीव्हीतून माझ्या बायकोचा आवाज आला.

"थांबा जरा, ट्रॅक्टर आडवा आलाय."

गुरुजी हसले. "मग कसं करायचं?"

"मला पाटी दिसंना. तुमीच सांगा की प्रश्न."

त्यांनी प्रश्न परत सांगितला. मी पाटी धरूनच उभा होतो, ट्रॉलीतल्या उसासमोर.

"साडेबारा टक्के मंजी रुपयाला साडेबारा पैसे ना? दोन आणेच की ते! मग ऐंशी रुपये सुटले. पाचशे साठ द्यायचे."

"बरोबर! पण कसं काढलंत?"

"सोळा आण्यात दोन आणे आठ वेळा बसत्यात. सहाशे चाळीसचे आठ वाटे केले. एक वाटा सोडला."

गुरुजी फळ्याकडे वळले. मांडलेलं गणित पुसून त्यांनी वर लिहिलं, 'देवळालीच्या ताईंची रीत', आणि खाली आठ वाटे काढले. आमच्या वर्गात असा गलका झाला की पुढचा प्रश्न कुणी ऐकलाच नाही. दोन लिहिणारे नऊ जण सगळ्यात जास्त ओरडत होते.

ती रस्ता ओलांडून आली. "तुमी काय दाखवत हुता?"

"दोन."

"आणि मी वाचलं असतं तर?"

"वहिनी, त्या ट्रॅक्टरवाल्याला चहा पाजा," गवंडी म्हणाला.

बूथमधून तिला टीव्हीतला फळा दिसलेला नव्हता. मग गवंड्याने खडू घेतला आणि वर्गाच्या फळ्यावर गुरुजींनी लिहिलं होतं तसंच्या तसं लिहिलं, आठ वाट्यांसकट. तिने आठही वाटे बोटाने मोजले. मग एक कोरी पाटी उचलून खिडकीकडच्या रांगेत बसली. "पुढच्या रविवारी फोनला दुसरं कुणी उभं करा."

फोन तीन मिनिटं दहा सेकंद चालला होता. मी वेळ, हजेरी आणि बूथची पावती जोडून कागद वर पाठवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, डिश देवळालीतच राहील. परीक्षेचा अर्ज तिने स्वतः भरला. फी एकशे दहा रुपये, तिच्या शिवणकामाच्या पैशांतून, केंद्राच्या कारकुनाला, म्हणजे मलाच, दिली.