सहावा कटोरा

त्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका चौकीवर होती. उंची सोळा हजार फूट, माणसं बारा. माझा ट्रेड कुकचा. फौजेत वीस वर्षं काढली, पण हातात रायफलीपेक्षा पळीच जास्त राहिली, हे आधीच सांगून टाकतो. नरडाण्याच्या बाजारात लोक मला फौजीनाना म्हणतात आणि गोळीबाराच्या गोष्टी विचारतात. माझ्याकडे सूपची गोष्ट आहे.

एवढ्या उंचीवर माणसाला सगळं मिळतं, फक्त भूक मिळत नाही. खालून आलेला धट्टाकट्टा गडी चौथ्या दिवशी ताटाकडे पाठ फिरवतो. पोळी घशाखाली उतरत नाही, भाताचा वास नको होतो. उतरतं ते फक्त गरम आणि पातळ. त्यामुळे चौकीवर दिवसातून दोनदा भाज्यांचं सूप व्हायचं, सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला. बटाटे, गाजर, कोबी, कांदे, डब्यातला वाटाणा आणि घट्टपणा यावा म्हणून मूठभर मसूर डाळ. भाज्या गोठून दगड व्हायच्या. बटाटा भिंतीवर मारला तर भिंतीला खोक पडेल, अशी गत. म्हणून मी त्या रात्रभर बंकर तापवणाऱ्या बुखारीजवळ, आमच्या शेगडीजवळ, ठेवायचो, सकाळी कापायचो आणि कुकरला लावायचो. ट्रेनिंगमध्ये हेच शिकलो होतो. पितळेच्या शिट्टीसारखा माझा स्वभाव, एकच सूर वाजायचा.

त्या चौकीवर माझ्या मुलुखातला एकच माणूस होता. नायक योगेश वराडे, बोदवडचा. मी धुळे जिल्ह्यातला, तो जळगावच्या पूर्वेकडचा. आमच्या बोलीत फरक आणि खाण्यात त्याहून जास्त. तसे आम्ही दोघं खान्देशचेच, पण भरीत कोणाचं खरं यावर आमचं रोज वाजायचं. बाकीचे जवान आमची ही लढाई मन लावून ऐकायचे, कारण चौकीवर दुसरी करमणूक नव्हती.

वराडे उंच, हडकुळा, कामाला वाघ. पण माझं सूप अर्धं टाकून द्यायचा. सगळ्यांचे कटोरे थोडेफार शिल्लक यायचे, भूकच नसायची. याचा मात्र बरोबर अर्धा. चार महिने, रोज दोन वेळा. कुकला याच्याइतकं दुसरं काही जिव्हारी लागत नाही.

एकदा मी चिडून माझ्या अहिराणीत विचारलं, "बठ्ठा जन पी लेतस, तूच का बरं टाकी देस?"

"नाना, राग नको येऊ देऊ," तो म्हणाला. "उकडल्याची चव लागते. आमच्याकडे भाजल्याशिवाय भाजीले हात लावत नाही."

"हे सूप शे, भरीत नही."

"सूपले भाजलेलं चालत नाही, असं कोठी लिहिलं आहे का?"

त्याच्या आईचं भरीत मला तोंडपाठ झालं होतं. शेतातल्या कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर हिरवी वांगी टाकायची, साल काळी होऊन सुटेपर्यंत हलायचं नाही. मग मिरची, मग लसूण, सगळं त्याच जाळावर. हे तो इतकं रंगवून सांगायचा की बंकरमध्ये धुराचा वास यायला लागायचा. मी ऐकून घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकडायचो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा मी.

आता त्या दिवसाकडे येतो.

खालच्या कॅम्पवरून चार जवान रसद घेऊन आमच्याकडे निघाले होते. पहाटे चारची वेळ, आकाश स्वच्छ होतं. सहाला वारा सुटला, सातला बर्फ. नऊ वाजता वायरलेस सेटवर निरोप आला की एकाचा पाय मुरगळलाय, चालता येत नाही. चौघं अर्ध्या वाटेवर लाल पत्थर नावाच्या कातळाच्या आडोशाला बसले होते. त्यांच्या स्टोव्हचं रॉकेल सांडलं होतं. पोटात पहाटेचा चहा सोडला तर काही नव्हतं.

दहा पंधराला आमचे सुभेदारसाहेब लंगरमध्ये, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात, आले. हिमाचलचे होते, कमी बोलायचे.

"गिरासे, सूप?"

"साहेब, भाज्या अजून दगड आहेत. सकाळचं वाटून संपलं. दोन तास लागतील."

"एक घंटा."

"जी साहेब."

ते गेले. मी पोत्याकडे बघत उभा राहिलो. खाली जाणाऱ्या दोघांत वराडेचं नाव होतं. तो दोर गुंडाळता गुंडाळता दारातूनच म्हणाला, "नाना, आता तरी भाज."

दुसरा मार्गच नव्हता. दोन्ही स्टोव्ह पेटवले, वर जाळी ठेवली आणि गोठलेले कांदे, गाजर, बटाटे अख्खेच्या अख्खे आगीवर टाकले. वराडे दोर टाकून माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि चिमट्याने एकेक फिरवायला लागला. कांद्याची साल काळी झाली, आतून रस फुटून चर्र आवाज आला. गाजराला तर खरोखर वास सुटला. चार महिन्यांत त्या लंगरमध्ये पहिल्यांदा अन्नाचा वास आला होता. लसणीचे दोन गड्डे तसेच जाळात. मग सगळं ठेचून कुकरमध्ये, वरून डाळ, वाटाणा आणि घरून आणलेल्या काळ्या मसाल्याची पुडी. शेवटी मी माझ्या धुळ्याच्या हाताने तेलाची तर्री सोडली, चांगली बोटभर. तर्री असली की खालचं लवकर निवत नाही, हे आमच्याकडे शेवभाजी खाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. वराडेने एरवी तर्रीवर मला डिवचलं असतं. त्या दिवशी त्याने नुसता डबा पुढे सरकवला.

अकरा वीसला डबा भरला. दुहेरी भिंतीचा, फिरकीच्या झाकणाचा. सहा कटोरे, बारा पोळ्या. मी पळीभर त्याच्यापुढे धरली.

"चव घेऊन जा."

"खाली सगळ्यांबरोबर घेतो. कसं झालं ते येऊन सांगतो, नाना."

अकरा तीसला दोघं निघाले.

एक दहाला सेट वाजला. "पार्टी पहुंच गई. सब ठीक. ओव्हर." सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. एक पस्तीसला पुन्हा आवाज आला, या वेळी वराडेचा. "खाना हो गया. कटोरे इधर ही छोड़ रहे हैं, वजन कम करना है. उस्ताद को बोलो, गुस्सा न करें. ओव्हर." उस्ताद म्हणजे मी. लंगरमधले सगळे हसले. मीही हसलो. त्याचा आवाज मी ऐकला तो शेवटचा.

दोन वाजता ते जखमीला घेऊन वर निघाले. वाटेतल्या एका उतारावर नवं बर्फ साचलं होतं. दोर बांधायला वराडे एकटाच पुढे गेला. दोन चाळीसला तो उतार त्याच्यासकट घसरला. मागच्या पाच जणांना धक्काही लागला नाही. ते पाचही जण संध्याकाळपर्यंत चौकीवर पोहोचले आणि पाय मुरगळलेल्या जवानाला तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने नेलं. वराडे दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सापडला.

शोध पार्टीत मीही होतो. तो सापडल्यावर साहेबांनी मला आणि एकाला लाल पत्थरवर डबा आणायला पाठवलं. कटोरे आडोशाला एका रांगेत होते. पाच उभे, आणि पाचांच्याही तळाशी घोटभर सूप गोठलेलं. सहावा पालथा होता. उचलून पाहिला. आत थेंब नाही, डाग नाही, आरशासारखा स्वच्छ.

मी त्याच्याबरोबर गेलेल्या जवानाला विचारलं.

"उसने सबको पिलाया, उस्ताद. उस लड़के को तो अपने हाथ से. अपने लिए बोला, बाद में. फिर मैं स्ट्रेचर बांधने लगा. मैंने देखा नहीं."

मला जे समजायचं ते समजलं. न वापरलेलं भांडं आपण पालथंच ठेवतो. माझ्या हातचं सूप वाटून तो स्वतः उपाशी वर चढला होता. उपाशी माणसाचा पाय जड पडतो, नजर चुकते. मी बळजबरीने ती पळी त्याच्या तोंडात घातली असती तर, हा विचार तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसला.

दोन महिन्यांनी सुट्टी मिळाली. नरडाण्याहून गाडी धरली, भुसावळला बदलली. दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी मागे पडली तसा मी काय बोलायचं ते मनात जुळवू लागलो. बोदवडला त्याच्या आईने, द्वारकाअक्काने, पाणी दिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"भाऊ, जेवला व्हता का रे तो?"

"हो अक्का. जेवला होता."

मी सैनिक आहे, खोटा रिपोर्ट कधी दिला नव्हता. तो पहिला. त्यानंतर दर हिवाळ्यात मी बोदवडला जातो. अक्काला एकटीला चूल पेटवायचा कंटाळा येतो, गुडघे धरतात. मी पिशवीत भाज्या नेतो आणि तिच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजून सूप करतो. कांदा, गाजर, टोमॅटो, दुधी, आणि आता खाली असल्यामुळे एक हिरवं वांगंही. माझी बायको म्हणते, "एवढा खटाटोप करता आणि शेवटी भाजीचं पाणी!" अक्का मात्र ते पाणी भाकरी कुस्करून आवडीने खाते. दरवर्षी ती खायची आणि दरवर्षी मी तो खोटा रिपोर्ट तसाच परत न्यायचो.

मागच्या हिवाळ्यात मला राहवलं नाही. सूप उकळत होतं, अक्का पाटावर बसून लसूण सोलत होती. मी म्हणालो, "अक्का, एक खोटं बोललो होतो तुमच्याशी."

सगळं सांगितलं. डबा, पळी, 'येऊन सांगतो' म्हणाला ते, रांगेतले कटोरे. "पाचात सूप होतं. त्याचा कोरडा होता. तो उपाशीच गेला, अक्का. मला माफ करा."

तिने लसूण खाली ठेवला. मान वर करून विचारलं, "त्याचा कटोरा कसा व्हता? उभा का पालथा?"

मी ते सांगितलं नव्हतं. तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

"पालथा," मी म्हणालो.

अक्काने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. पाहिलं तर रडत होती आणि हसतही होती.

"अरे माझ्या राज्या! मले चार लेकरं. मी वाढाले बसली का थांबत नव्हती. कोणी नको म्हटलं तरी वाढू. मंग पोरायनं एक युक्ती काढली. पोट भरलं का भाकरीच्या तुकड्यानं वाटी पुसून घे आणि पालथी घाले. पालथी वाटी दिसली का मी पळी मागे घेऊ. पण योगेश लई खोडीचा. आवडलं नाही तं तो पालथी घाले नाही. अर्धं तसंच ठेवे, मले दिसावं म्हणून. त्याची पालथी वाटी पाहाले मी दिवस दिवस चुलीजवळ घाम गाळला आहे."

मला चार महिन्यांचे अर्धे कटोरे आठवले. त्यातला एकही पालथा नव्हता.

"मंग तुझं ते सूप त्याले आवडलं," अक्का म्हणाली. "पोट भरलं त्याचं. तू मले खरंच सांगितलं व्हतं."

मी चुलीकडे तोंड केलं. धूर होता म्हणून बरं झालं. इतकी वर्षं ज्याला मी त्याचा उपास समजत होतो ती माझ्या स्वयंपाकाला त्याने दिलेली पावती होती. येऊन सांगतो म्हणाला होता. त्याने तिथेच सांगून ठेवलं होतं. मलाच वाचता आलं नाही.

मग अक्काने मला वाढलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी नको म्हणालो, तिने ऐकलं नाही. शेवटी भाकरीच्या तुकड्याने वाटी पुसली आणि तिच्यासमोर पालथी घातली. तेव्हा कुठे तिची पळी थांबली.

माझी नोकरी संपली आहे, रिपोर्ट लिहायचं काम उरलेलं नाही. तरी हा एक लिहून ठेवतो. नायक योगेश वराडे, राहणार बोदवड. शेवटचं जेवण लाल पत्थर, वेळ दुपारी एक तीस, भाजलेल्या भाज्यांचं सूप आणि दोन पोळ्या. पोटभर जेवला.