पप्पांचं क्रोटन

आमच्या घरात नवस, दृष्ट, अंगात येणं असलं काही कधीच नव्हतं. आम्ही बौद्ध. पप्पा म्हणायचे, "प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आपण ते शोधायचं." मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर कारणंच शोधते. त्यामुळे हे लिहायला हात धजत नव्हता...

चिंचवडला स्टेशनपासून जवळच आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आई गेल्यापासून मी आणि पप्पा दोघंच. ते रिटायर झाले तेव्हा खात्यातल्या मित्रांनी त्यांना क्रोटनची कुंडी दिली होती — जाड पानं, लाल-पिवळी, मध्येच हिरवे ठिपके. हॉलमध्ये बाल्कनीच्या काचेजवळ, भरपूर उजेडात ती असायची. समोर रस्त्याचं काम चाललेलं, घरात कायम धूळ. पप्पा रोज सकाळी जुन्या बनियनचा ओला तुकडा घेऊन एकेक पान पुसायचे. मी पुसायला गेले की म्हणायचे, "बाळा, खालून तळहात धर. देठाला हिसका बसतो."

गेल्या उन्हाळ्यात पप्पांना ब्रेन हॅमरेज झालं. आयसीयू, व्हेंटिलेटर. नाशिकहून दादा आला. तो आणि मी हॉस्पिटलमध्येच राहायचो. घरी मी फक्त अंघोळीला जायचे.

पहिल्यांदा गेले तेव्हा टीव्हीवर, टेबलावर बोटानं नाव लिहावं इतकी धूळ होती. क्रोटनची पानं मात्र स्वच्छ. कुंडीतली माती ओली.

समोरच्या काकूंना विचारलं, "काकू, झाडाला पाणी तुम्ही घातलंत का?"

"अगं, किल्ली तुझ्याकडेच आहे ना," त्या म्हणाल्या. "मी कशी जाऊ आत?"

वरून पाणी गळतंय का बघितलं. छत कोरडं. मग मी कंपनीतली सवय वापरली — दाराला बाहेरून टेप लावली, त्यावर सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप जशीच्या तशी. आत पानं नुकतीच पुसल्यासारखी, टोकांना पाणी. असं रोज व्हायला लागलं.

खरं सांगू? मला भीती नाही वाटली. मला वाटलं, पप्पा परत येतायत.

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगायचे, "पप्पा, झाड छान आहे हं." मशीनचा आवाज तेवढा यायचा. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता काही उपयोग नाही. दादा म्हणाला, "त्यांचे हाल बघवत नाहीत गं मला. मशीन बंद करायला सांगू या."

मी मोबाईलवर त्याच सकाळी काढलेला फोटो त्याला दाखवला. सगळं सांगितलं. त्यानं फोटो मोठा करून बघितला.

"तू नीट झोपलेली नाहीस," एवढंच म्हणाला. पण पुढे त्यानं मशीन बंद करायचा विषय काढला नाही.

त्याच दुपारी पप्पा गेले.

आम्ही दोघं घरी आलो, माणसं यायच्या आधी सतरंज्या टाकायला. टेप मीच काढली. हॉलमध्ये शिरले आणि आधी झाडाकडे बघितलं. क्रोटनच्या पानांवर धुळीचा जाड थर होता — टीव्हीवर होता तितकाच, कित्येक दिवसांचा. लाल कुठलं, पिवळं कुठलं, कळत नव्हतं. मातीला भेगा पडल्या होत्या. सकाळी मी बोट लावलं तेव्हा ती चिखलासारखी होती.

दादानं माझा मोबाईल मागितला. फोटो बघितला, झाड बघितलं. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. हॉस्पिटलमध्ये तो एकदाही रडला नव्हता.

कारण मी शोधलं. फोटोची वेळ तपासली, ती त्याच सकाळची आहे. रस्त्याच्या कामाची धूळ म्हणावी, तर खिडक्या बंद होत्या, आणि अर्ध्या दिवसात एवढा थर कुठून बसेल? दादाला विचारलं तर तो फोन ठेवून देतो.

आता झाड मी सांभाळते. बोट घालून माती बघते, मगच पाणी घालते. तरी खालची पानं गळतायत, नवी येतात ती नुसती हिरवी. नर्सरीवाला म्हणतो उजेड कमी पडतोय. जागा तीच आहे, काच तीच आहे.

मध्ये एकदा मी आठवडाभर मुद्दाम पानं पुसली नाहीत. रोज सकाळी उठून आधी हॉलमध्ये जायचे.

धूळ तशीच असायची.