पडलेली पत्रकं मोजायची राहिली

आमच्या घरात सभा-मोर्चांची पत्रकं वाटण्याची एक रीत आहे. वाटून झाली की त्याच रस्त्याने परत यायचं आणि लोकांनी टाकून दिलेली उचलून मोजायची. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. कामशेतच्या बाजारातून घरी आले की ते आईला एवढंच सांगत, "आज एकोणीस पडली." किती वाटली हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. लोक कागद हातात घेतात ते भिडेखातर, असं त्यांचं म्हणणं. त्या चुरगळलेल्या, चिखल लागलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली.

तरीही मी चुकले, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

टाकव्याकडच्या आमच्या वस्तीतून भातखाचरांकडे जाणारी पायवाट एका बंगल्यांच्या प्रकल्पाने लोखंडी गेट लावून बंद केली. डोक्यावर भारे घेतलेल्या बायकांना डांबरी रस्त्याने मोठा वळसा पडू लागला. मी कुलपाचा फोटो आणि जुन्या नकाशाची प्रत सोशल साईटवर टाकली. दोन दिवसांत पोस्ट गायब. नियमात बसत नाही म्हणे. कोणता नियम, कोणी तक्रार केली, दाद कुठे मागायची, काही पत्ता नाही. त्याच गेटच्या आत शनिवार-रविवारी नाचणाऱ्यांचे व्हिडिओ मात्र नियमात बसत होते.

लोणावळ्यात एका मैत्रिणीच्या शिकवणीच्या खोलीत आम्ही गावातले काही जण जमलो आणि हात वर करून ठरवलं, ही साईट सोडायची. जाहिराती नसलेली दुसरी एक साईट सापडली होती, तिकडे सगळ्यांना न्यायचं. गावातल्या त्रेचाळीस जणांनी तिथे जाहीर लिहिलं, आम्ही चाललो. मी वहीत त्यांची नावं उतरवली आणि समोर एकच रकाना आखला: नव्या ठिकाणी खातं उघडलं का? दोन आठवड्यांत प्रत्येकासमोर बरोबरची खूण झाली. ती वही मी अण्णांपुढे जवळजवळ आपटलीच.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तिकडं आले ते दिसलं. हिकडनं गेले का?"

"ते बघायला जुनी साईट उघडावी लागेल. ती न उघडण्याची मी शपथ घेतलीय."

"मग पडलेली कोण मोजणार?"

"कागद वेगळा आणि हे वेगळं, अण्णा."

"व्हय. कागद निदान रस्त्यात दिसतो."

मला वाटलं, म्हातारपण बोलतंय.

पायवाटेचा विषय ग्रामसभेत आला. सभेची सूचना मी फक्त नव्या साईटवर टाकली. जुन्या ठिकाणी टाकणं मला बेइमानी वाटली. त्रेचाळीसपैकी सहा जण आले. गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पुढच्या वेळी जेवढे हजर असतील तेवढ्यांच्या हातांवर ठराव होणार होता, आणि बंगलेवाल्याने आपले हात जमवायला केव्हाच सुरुवात केली होती.

त्या दुपारी मी शपथ मोडली. वही मांडीवर घेतली, दुसरा रकाना आखला: इथे शेवटचं कधी लिहिलं? काल. आज सकाळी. आत्ता. 'मी चाललो'च्या दुसऱ्याच दिवशी एकाने मिसळीचा फोटो टाकला होता. एक जण या साईटचा निषेध रोज याच साईटवर करत होता. एकाने तर बंगलेवाल्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. नव्या ठिकाणी खातं उघडून एक ओळही न लिहिलेले एकतीस निघाले. खरोखर सोडून गेलेले चार.

मी तरातरा शेजारच्या मावशींकडे गेले. गेटपलीकडे त्यांचंच खाचर आहे.

"मावशी, सगळ्यांत आधी हात तुम्ही वर केला होता."

"केलता की. गेलते बी तुझ्या त्या नव्या जागी. तितं कोनच न्हाई. तू एकटीच भांडत हुतीस."

"म्हणून परत आलात?"

"गेलेच कुटं? लेक सुरतेला. नातवाचे फोटू ती हितंच टाकते. तिला म्हनलं तिकडं ये, तर ती म्हनते माझ्या सासूला आन. आता तिच्या सासूला कोन आननार, तू?" त्या हसल्या आणि मग हसू थांबवून म्हणाल्या, "सभेचं मला ठावंच न्हवतं. वळसा घालून पाय माझेच दुखत्यात. हितं सांगायचं हुतंस."

पटत नसेल तर जा, असं या साईटवाल्यांनी म्हणणं किती सोपं आहे. नातवाचा चेहरा त्यांच्या ताब्यात आहे. मावशींवर ओरडायला गेलेली मी, परतताना साईटवाल्यांवर संतापत होते, आणि त्याहून जास्त माझ्या पहिल्या रकान्यावर.

मग एका पानाचं पत्रक लिहिलं, कामशेतला झेरॉक्स काढल्या. त्याचा फोटो दातओठ खात जुन्या साईटवरही टाकला. मावशींनी एक गठ्ठा घेतला, "बायकांचं मी बघते." स्टेशनपासून वाटत गेलो, आणि परतताना अण्णांसोबत वाकून वाकून मी अकरा उचलली.

तहकूब सभेत हात मोजले. आमचे जास्त भरले. पायवाट खुली करण्याचा ठराव झाला. गेटचं कुलूप अजून तसंच आहे, आणि जुन्या साईटवरचा पत्रकाचा फोटो पुन्हा काढून टाकलाय. पुन्हा काढला हे मला कळलं, कारण मी रोज तिथे बघते. वहीत मी चव्वेचाळिसावं नाव लिहिलं, माझं. समोर खरं तेच लिहिलं: गेली नाही.