उलटं घड्याळ

वॉर्डात सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचे. घरी नवराही थट्टेनं तशीच हाक मारायचा, आणि बाई त्या हाकेला लगेच ओ द्यायच्या. त्यांच्या युनिफॉर्मवर छातीशी एक छोटं घड्याळ उलटं टांगलेलं असे. समोरच्याला ते उलटं दिसे, पण मान जरा खाली घातली की बाईंना अगदी सुलटं. सारखे हात धुवावे लागतात, मनगटावर घड्याळ चालत नाही, म्हणून नर्सबाईंची ही सोय. बोटं रोग्याच्या मनगटावर आणि नजर छातीवरच्या सेकंदकाट्यावर, असं त्यांचं उभं आयुष्य गेलं. कुणाचाही हात हातात आला की बोटं आपसूक नाडीवर जायची. भाची परगावी शिकायला निघाली तेव्हा तिचा हात धरून या डोळे पुसत म्हणाल्या, "जरा जलद चाललीय गं."

दुसऱ्यांच्या तब्येतीबाबत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मीठ कमी करा, पाणी प्या, रोज चाला, सावकाश जेवा. घरी जाणाऱ्या प्रत्येक रोग्याला हे तोंडपाठ करून घेतल्याशिवाय त्या सोडायच्या नाहीत. स्वतः मात्र ड्यूटीवर पाण्याच्या बाटलीला हात लावायच्या नाहीत; पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात वॉर्ड बुडाला तर? डबा उभ्यानंच. घरीसुद्धा ओट्याला टेकून, कान दाराकडे लावून चार घास गिळायच्या.

"अगं, बस की जरा," नवरा म्हणायचा.

"बसलं की कुणीतरी बोलावतं."

"इथं मी एकटाच आहे. आणि मी बोलावतोय ते बसायलाच."

नवरा त्याच हॉस्पिटलच्या औषधाच्या खिडकीत कामाला होता. तो आधीच निवृत्त झाला होता आणि गड्यानं निवृत्तीची तयारीही कशी चोख केली होती! बसून नाश्ता, दुपारी वाचन, सकाळी तळ्याभोवती फेरी. चालायचे बूट त्यानं दोघांसाठी आणले होते. त्याच्या बुटांचे तळवे झिजले, बाईंचे बूट अजून खोक्यातच. "पुढच्या महिन्यापासून येते," असं बाई म्हणायच्या. असे किती पुढचे महिने मागे पडले, याचा हिशेब तो बिचारा ठेवत नव्हता.

आता बाईंची निवृत्ती तोंडावर आली होती. आणि नेमकं तेव्हाच मोठ्या डॉक्टरांनी त्यांना थांबवून विचारलं, "अजून एक वर्ष राहता का? तुमच्याशिवाय वॉर्डाचं पान हलत नाही. फक्त एकदा तब्येत तपासून घ्या, बाकीचं मी बघतो."

बाईंनी मान जवळजवळ डोलावलीच होती. नवऱ्याला मात्र त्यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. जिथं कुणी बोलावत नाही अशा घरात सकाळी उठून करायचं काय?

त्याच आठवड्यात नव्या नर्सेसना बीपीचं मशीन दाखवायचं होतं. बाईंनी ऐटीत स्वतःचाच हात पुढे केला, पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. आकडा आला तो भलताच वरचा. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मशीन बिघडलंय," बाई ताडकन म्हणाल्या. "दुरुस्तीला पाठवा."

रोग्याचा असा आकडा आला असता तर त्यांनी त्याला तिथंच आडवं करून डॉक्टरांना बोलावलं असतं. स्वतःचा आला, तर शिक्षा मशीनला!

दुरुस्तीवाला मशीन घेऊन परत आला तो हसतच. "सिस्टर, याला काहीही झालेलं नाही. माझं बघितलं, आमच्या साहेबांचं बघितलं, सगळं बरोबर. याचं भांडण फक्त तुमच्याशीच दिसतंय."

"फार बोलायला लागलास," म्हणून बाईंनी त्याला वाटेला लावलं. मग ड्रेसिंगच्या खोलीचं दार लोटून पट्टा पुन्हा बांधला. आकडा तसूभरही हलला नव्हता. बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. काहीतरी घ्यायला आत आलेली त्यांच्या हाताखालची नर्स जागीच थबकली. मोठ्या सिस्टरना ड्यूटीवर बसलेलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"सिस्टर, बरं वाटत नाही का?"

"नाही वाटत," बाई म्हणाल्या. स्वतःबद्दल हे त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "पाणी आण गं जरा. भरपूर आण."

डॉक्टरांनी तपासलं, गोळी लिहून दिली, आणि वर्षभर राहण्याचा विषय बाईंनीच तिथल्या तिथे मिटवला.

घरी नवऱ्यानं ओट्यावरची गोळ्यांची पट्टी उचलली. जन्मभर औषधं दिलेला माणूस. त्याला नाव वाचायचीही गरज पडली नाही.

"कधीपासून?"

"मशीन बिघडलं तेव्हापासून," बाई म्हणाल्या आणि सगळं सांगून टाकलं, ते जास्तीच्या वर्षाचंसुद्धा. तो रागावेल असं त्यांना वाटलं होतं. पण त्यानं खुर्ची ओढली, त्यांना बसवलं आणि माळ्यावरचं बुटांचं खोकं खाली काढलं.

शेवटच्या दिवशी बाईंनी आपलं घड्याळ काढून त्या हाताखालच्या नर्सच्या छातीवर लावलं. "पाणी पीत जा," म्हणाल्या. "वॉर्ड बुडत नाही." ती रडली, बाईही मनसोक्त रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याभोवतीच्या फेरीत नवे बूट जरा चावत होते, म्हणून दोघं बाकावर टेकली. नवऱ्याचा हात बाईंच्या हातात आला. बोटं सवयीनं नाडीवर गेली, मान खाली झुकली, आणि तिथं घड्याळच नव्हतं.

नवरा हसू दाबत म्हणाला, "झाली ना पंचाईत? आता मोजणार कशी?"

बाईंनी क्षणभर विचार केला. मग बोटं मनगटावरून खाली सरकवून त्याचा तळवा आपल्या मुठीत घेतला.

"मोजत नाही," त्या म्हणाल्या. "नुसता धरते."