सगळ्यांत मोठा कंदील

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पडवीत बसून आकाशकंदिलासाठी बांबूच्या काड्या तासत होतो. गणपती नुकतेच पोचवले होते. दिवाळीला अवकाश होता, पण आमचा कंदील मोठा, दारातून आत न जाणारा, त्यामुळे सांगाडा लवकर धरावा लागतो. डिचोलीच्या इस्पितळात वहिनींना ठेवलं होतं आणि आदल्याच दिवशी त्यांनी मला दटावलं होतं, "भावोजी, हंय बसान काय करतास? घराकडे जावा, काड्यो तासूक घेवा." म्हणून मी घरी होतो. थोरल्या पुतणीचा फोन. ती नुसती रडली... मी कोयती खाली ठेवली. तो सांगाडा अजून पडवीच्या कोपऱ्यात अर्धाच उभा आहे. मोडायला हात होत नाही आणि पुरा करायची यंदा सोय नाही. घरात माणूस गेलं की वर्षभर कंदील लागत नाही, ही आमच्याकडची रीत.

ही रीत वहिनींना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. आम्ही दोघे भाऊ सावंतवाडीकडचे. दादा खाणीवर ट्रक चालवायला इकडे आला, मागोमाग मी खाणीच्याच जीपवर ड्रायव्हर म्हणून लागलो, आणि आम्ही डिचोलीजवळ सर्वणला बिऱ्हाड केलं. वहिनी पेडण्याच्या, मोप्याच्या पठाराखालच्या एका वाड्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या. दादा ऐन पावसाळ्यात तापानं गेला. पदरात दोन लहान मुली. त्या वर्षीची दिवाळी मला अजून दिसते. सकाळी शेजारपाजारचा फराळ आला, कुणी काही कमी केलं नाही. पण संध्याकाळी वाड्यावरचे कंदील एकामागून एक लागले आणि लोक आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून भरभर जायला लागले. त्यांचं तरी काय चुकलं? ज्याच्या त्याच्या घरी पूजा, पाहुणे. दुःखाच्या दाराशी थांबून बोलायचं काय, हाही प्रश्नच असतो. वहिनी मात्र ते मनाला लावून बसल्या. मुली पायरीवर बसून दुसऱ्यांचे कंदील बघत होत्या. एकाएकी वहिनी उठल्या, पोरींच्या अंगात स्वेटर चढवले आणि मला म्हणाल्या, "भावोजी, जीप काढा. आमचो कंदील नाय तर नाय, लोकांचे आसत मां. डोळ्यांक सुतक नसता."

मी चक्रावलो. लोक काय म्हणतील, असं पुटपुटलोही. पण वहिनींपुढे माझं कधी चाललं आहे? आम्ही डिचोलीच्या बाजारात फिरलो, तिथून म्हापशापर्यंत गेलो. चौकाचौकांत पहाटे जाळलेल्या नरकासुरांच्या पुतळ्यांचे सांगाडे पडले होते, दुकानांवर कागदी मासे, विमानं, देवळं, कमळं लटकत होती. धाकटीनं एक फिरता कंदील बघितला आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली. वहिनींनी तेव्हा तोंड दुसरीकडे वळवलं. मी गाडी चालवतो आहे असं दाखवलं, गाडी तर उभी होती.

तिथून आमची फेरी सुरू झाली. दिवाळीला डिचोली, म्हापसा, एखाद्या वर्षी फोंड्यापर्यंत. आणि नाताळ आला की बार्देशातली गावं, घराघरांवरचे तारे आणि ख्रिस्तजन्माचे गोठे बघायला. पुढे खाण सोडून मी व्हॅन घेतली, तरी फेरी सुटली नाही. माझं लग्न झालं तेव्हा बायकोला मी पहिली गोष्ट सांगितली, की या घरात दिवाळीच्या आठवड्यात ड्रायव्हर वहिनींचा.

पहिल्याच नाताळात, मयड्याच्या एका गल्लीत, ती गोष्ट घडली. दोन्ही बाजूंना घरांवर तारे लागलेले, आणि मध्येच एका घरावर काही नाही. बाल्कांवात, दारापुढच्या बैठकीत, काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बसलेली. "भावोजी, गाडी थांबवा. थंय दिवो नाय."

"वयनी, आपण दिवे बघूक इलंव ना?"

"दिव्यांक बघूक सगळो गाव आसा," वहिनी म्हणाल्या. "तेंका कोण आसा?"

आणि उतरल्याच. ओळख ना देख. म्हातारीच्या शेजारी जाऊन बसल्या. मला गाडीतून दोघी दिसत होत्या. थोड्या वेळानं म्हातारीनं वहिनींच्या हातावर हात ठेवला. परत आल्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या की तिचा घोव उन्हाळ्यात गेला, आणि पुढच्या वर्षी येताना काहीतरी घेऊन यायला हवं, रिकाम्या हातानं बरं दिसत नाही.

मग डबा आला. पत्र्याचा, बिस्किटांचा, झाकणावरचा रंग उडालेला. फेरीच्या दिवशी वहिनी त्यात चकल्या, लाडू भरायच्या आणि पुढच्या सीटवर तो मांडीवर घेऊन बसायच्या. मुली मागून ओरडायच्या, तो बघ तारा, तो बघ गोठा. वहिनी हो हो म्हणायच्या आणि त्यांचे डोळे मात्र काळोख शोधत असायचे. मी वैतागायचो. "आपण लायटिंग बघूक निघतंव की मयतां शोधूक?" असं एकदा बोललोही. त्या हसल्या. त्यांचं म्हणणं असं, की दिवसा फराळ घेऊन कुणीही येतं, पण सगळ्या गावात दिवे लागतात ती घटका एकट्यानं काढायला जड जाते. तेवढी घटका शेजारी कुणीतरी बसलं की पुरे. त्या जास्त वेळ बसतही नसत.

एकदा फजितीही झाली. एका नाताळात शिवोलीच्या वाटेवर असंच एक अंधारं घर दिसलं. वहिनी डबा घेऊन आत गेल्या, चेहरा पाडून पुरुषमाणसापाशी बसल्या, डबा पुढे सरकवला आणि पदर डोळ्यांना लावला. तो बिचारा गोंधळून एकदा डब्याकडे, एकदा बायकोकडे बघतो आहे. वहिनींनी हलक्या आवाजात विचारलं, कोण गेलं म्हणून. तो म्हणाला, "हांगा कोणूय मरूंक ना बाय. नखेत्राचो बल्ब जळ्ळा. पूत नवो हाडूंक म्हापशां गेला." मेलं कुणीच नव्हतं, घरावरच्या ताऱ्याचा, त्यांच्या नखेत्राचा, बल्ब तेवढा जळला होता. मी पायरीशी उभा होतो, मला हसू आवरेना. वहिनी आधी ओशाळल्या, मग त्याही हसू लागल्या, आणि त्या नवराबायकोला सगळा उलगडा झाल्यावर चौघं मिळून असे हसलो की शेजारचे खिडकीतून डोकावले. तो पास्कूबाब, त्याची बायको इझाबेल. चकल्या तिथंच संपल्या. डब्यात तिनं नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणि नारळ-गुळाचा दोदोल भरून दिला. पुढे दर नाताळात त्यांच्याकडे थांबल्याशिवाय आमची फेरी पुरी झाली नाही. डबा इकडून भरून जायचा, तिकडून भरून यायचा. पास्कूबाब मला चिडवायचा, की तुझी वहिनी येते म्हणून मी नखेत्र दोन दिवस आधी तपासून घेतो. त्याचा फोन नंबर घ्यावा हे मात्र आम्हाला कधी सुचलं नाही. वर्षातून एकदा भेटायचं हे ठरलेलंच होतं.

मुली लग्न होऊन गेल्या. फेरीत मी, माझी बायको आणि वहिनी उरलो. वहिनींच्या माहेरी मोप्याला विमानतळ झाला तेव्हा एका संध्याकाळी त्यांना पठारावर घेऊन गेलो. लांबवर दिव्यांच्या रांगाच रांगा. मला वाटलं, खूष होतील. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बरे आसत. पण ह्यांत घर खंय?" मग त्यांना हव्या त्याच गल्ल्यांतून परतलो.

गेल्या नाताळात त्यांना पायऱ्या चढवेनात. पास्कूबाब आणि इझाबेल गाडीपाशी येऊन बोलत उभे राहिले. दोदोल अजून गरम होता, डब्यात भरता येईना. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हांव दे डबो. दिवाळेक आमच्याकडे घेवन येवा. इतकी वर्सां मी येतंय, आमचो कंदील तुमी बघलास खंय?" पास्कूबाबनं घर कसं ओळखायचं ते विचारलं. "सर्वणच्या वाड्यार येवन वर बघा. सगळ्यांत मोठो कंदील तो आमचो."

खरं सांगतो, त्या गेल्यानंतरच्या धावपळीत हे बोलणं मी साफ विसरलो. डबा मात्र शोधला. वहिनींच्या खोलीत, माळ्यावर, सगळीकडे. बायको म्हणाली, कशाला शोधता, आता कोण फेरीला जाणार आहे? ते खरंच होतं, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटलं. वहिनींबरोबर ती फेरीही संपली असं मी मनाशी धरून चाललो होतो.

दिवाळीच्या संध्याकाळी मी पडवीत दिवा न लावता बसलो. सकाळी शेजाऱ्यांचा फराळ आला होता. वाड्यावर कंदील लागले. लोक आमच्या दारावरून गेले, मान खाली घालून, भरभर. वहिनी इतकी वर्षं कुठल्या घटकेबद्दल बोलत होत्या ते मला तेव्हा कळलं. ज्या बाईनं परक्यांच्या अंधारात जाऊन बसायचं सोडलं नाही, तिच्या दारात आज कुणी नाही, याचा मला राग आला. कुणाचा राग, ते सांगता येत नाही...

एक गाडी वाड्यात आली. सावकाश पुढे गेली, परत मागे आली, आणि आमच्या दाराशी थांबली. दोन माणसं उतरली. अंधारात चेहरे दिसेनात. पायरीशी येऊन पुरुषानं टोपी काढली आणि हळू आवाजात म्हणाला, "आमी एक घर सोदतात. पूण पयलीं हांगा मात्शें बसतात, जाल्यार चलता?"

घर शोधता शोधता आधी इथं थोडं बसू का, असं विचारणारा तो आवाज मी ओळखला. उठून पडवीचा बल्ब लावला. पास्कूबाबनं माझ्याकडे पाहिलं, मग वर, कंदिलाच्या रिकाम्या हुकाकडे, मग कोपऱ्यातल्या अर्ध्या सांगाड्याकडे. इझाबेलच्या हातात तो डबा होता. तिनं तो छातीशी धरला आणि पडवीच्या कट्ट्यावर बसली, शेजारी पास्कूबाब. माझी बायको बाहेर येऊन बसली. वाड्यावरचे सगळे कंदील आमच्या समोर पेटलेले होते. बऱ्याच वेळानं पास्कूबाब म्हणाला, "व्हडलो कंदील सोदून सोदून आमी दोन खेपे परतलीं. मागीर हें घर दिसलें. इझाबेल म्हणूंक लागली, बाय आसती जाल्यार हांगा देंवली आसती." खरंच, अशा अंधाऱ्या दाराशी वहिनी उतरल्याच असत्या.

आता नाताळ जवळ आला आहे. आमच्या घरात यंदा तळणीची कढई चढणार नाही, तेव्हा डब्यात भरायला शेजारणींकडे चकल्या सांगून ठेवल्या आहेत. बायको म्हणते, ती वहिनींच्या जागी पुढे बसणार नाही. म्हणून व्हॅनच्या पुढच्या सीटवर मी आत्तापासूनच डबा ठेवून दिला आहे.