दगडी चिंबोऱ्या आणि धाकूचं तोंड

कोपरीच्या खाडीवर दगडी चिंबोऱ्या बघायला जायचं असेल तर दोनच गोष्टी लागत: उघडे पाय आणि धाकूची बोलणी खायची तयारी. चिंबोरी म्हणजे आपला चिखलातला काळा खेकडा. पण कोपरीला ओहोटीचं पाणी खोल मागे गेलं की एक काळपट खडक उघडा पडायचा, आणि त्याच्या आसपास सुट्या दगडांत अशा चिंबोऱ्या सापडायच्या की नांगी, पाय, पाठ, सगळं जागच्या जागी, फक्त जीव नाही आणि सगळा दगड. आगगाडी ठाण्यावरून धावू लागून तेव्हा एक पिढी उलटली होती. त्यामुळे ठाण्याचे कारकून, शाळामास्तर आणि मुंबईची हौशी मंडळी सुट्टी बघून ह्या चिंबोऱ्यांसाठी कोपरीला येत, आणि सगळ्यांना धाकूच्याच हवाली व्हावं लागे.

धाकू मिठागरावर मीठ ओढणारा आगरी. अंगाने काटकुळा, आवाजाने दांडगा. त्याने कोपरीत हाक मारली की खाडीपलीकडे कळव्यातला माणूस वळून बघतो, असं लोक म्हणत. मीठ ओढायची लांब दांड्याची फळी खांद्यावर टाकून तो पुढे चालायचा आणि मागच्यांनी त्याच्या पावलात पाऊल टाकायचं. येणं अमावास्या-पुनवेच्या मागेपुढे, तेव्हाच पाणी खोल जातं. वहाणा बांधावर. धोतर गुडघ्याच्या वर, मग ते कारकुनाचं असो की मामलेदाराचं. दगड सुटा पडलेला असेल तर खुशाल उचला, पण खडकाला हात लावाल तर खबरदार, कारण आज खडक फोडला तर उद्या येणाऱ्याने काय धाकूचं थोबाड बघायचं? पाय रुतलाच तर धडपडायचं नाही, पाठीवर आडवं पडायचं आणि तो येईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. आणि पाणी फिरलं असं तो म्हणाला, की हातातली चिंबोरी अर्धी उकरलेली असली तरी टाकून निघायचं.

ह्या शेवटच्या नेमासाठी त्याच्याकडे एक गोष्टही होती. ह्या चिंबोऱ्या पाणी फिरल्यावरसुद्धा घरी गेल्या नाहीत, म्हणून त्यांचे दगड झाले. मुंबईच्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी त्याला समजावलं, की बाबा रे, हे प्राणी माणूस जन्माला यायच्याही आधीचे आहेत. धाकूने मान डोलावली आणि म्हणाला, "म्हंजे तवापासून नाय गेल्या घरी."

त्याच्या हाताखाली खाडीवर कधी कुणाचा केस वाकडा झाला नाही. अपमान मात्र भल्याभल्यांचा झाला. "ए टोपीवाल्या, म्हशीसारका कुटं चाललास" हे वाक्य त्याने ज्यांना ऐकवलं त्यांत एक वकील होते. तरी लोक पुन्हा येत, बायकामुलांना घेऊन येत. कारण फेरी संपली की सगळे बांधावर बसत, धाकूची बायको सगुणा तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी वाढी, आणि घटकेपूर्वी अंगावर ओरडणारा हाच माणूस प्रत्येकाचा दगड स्वतःच्या हाताने खळखळून धुऊन देई. "ही बघ नांगी. हा डोला," असं तो इतक्या कौतुकाने दाखवी, की चिंबोरी त्याच्याच घरात जन्मली असावी. मग वकीलसाहेबही राग विसरून दुसरी भाकर मागत.

पण सगळं जग काही भाकरीवर खूश होत नाही. धाकूची मुलगी तुळसा. गावातल्या बायकांच्या मते तिचं लग्नाचं वय केव्हाच होऊन गेलं होतं, आणि ते होऊन जायला बापाचं तोंड कारण होतं. एक स्थळ आलं होतं, त्यातल्या मामाला धाकूने तो बैलासारखा जेवतो असं सांगितलं. दुसरं आलं, त्यातल्या चुलत्याला बांधावरून नीट चालता येत नाही म्हणून सगळ्यांदेखत खाली उतरवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि म्हणूनच दोन्ही स्थळं गेली. मुलीच्या बापाने पडतं घ्यायचं असतं, हे धाकूला समजत होतं. फक्त ते त्याच्या जिभेला कुणी सांगितलं नव्हतं.

आता तिसरं स्थळ आलं होतं शीळच्या पंढरी पाटलाच्या गणूचं. गणूचं नाव निघालं की तुळसा चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करू लागे, एवढ्यावरून सगुणा काय ते समजली होती. हे स्थळ मोडलं तर पोर तोंडाने काही बोलणार नाही, पण आतून मोडेल, हे धाकूलाही कळत होतं. त्याचा जीव होता तुळसावर, आणि त्या जिवाला त्याच्या जिभेचीच धास्ती होती.

पंढरी पाटील एकटाच आला. दणकट माणूस, डोक्याला लाल पागोटं, मिशा पिळलेल्या, बोलणं बेताचं. चहापाण्याचं तेव्हा खूळ नव्हतं, गूळपाणी झालं. मग पाटील म्हणाला, की कोपरीला दगडाच्या चिंबोऱ्या निघतात असं ऐकतो, आमच्या गावात कुणाला खरं वाटत नाही, एक नेऊन दाखवावी म्हणतो. धाकूचा चेहरा उजळला. सगुणाचा पडला.

तिने नवऱ्याला परसात बोलावलं. "अवं, आज तोंर शिवून जावा. तुलसाचं लगीन हाय, मिठाचा सौदा नाय. पाटलाला 'या' नि 'बसा' ह्याच्या परीस तिसरा शबूद बोलाल तं घरान येऊ नका."

धाकूने गळ्याला हात लावून शपथ घेतली.

आणि त्याने ती पाळलीही. पाटलाने वहाणा बांधावर काढायला कुरकूर केली, धाकू हसला. पाटील त्याच्या पावलात पाऊल न टाकता आपल्या वाटेने चालला, धाकू पुन्हा हसला. असं हसायची गालांना सवय नसल्यामुळे त्याचा जबडा दुखू लागला. खडकाजवळ पोचल्यावर पाटील पोरासारखा खूश झाला. वाकून वाकून दगड उलटे करू लागला, एक शिंपला सापडला तर मोठ्याने हसला. पण त्याला चिंबोरी हवी होती, तीही अख्खी, दोन्ही नांग्यांसकट, आणि तशी एक त्याला दिसली. ती खडकाच्या उजव्या अंगाला पडली होती. त्या अंगाला धाकू स्वतःसुद्धा जात नसे.

"पाटील, जरासं इकरं आलात तं बरं होईल," धाकू म्हणाला. असा मऊ आवाज त्याच्या गळ्यातून पहिल्यांदाच निघत होता.

पाटील पुढे गेला.

"पाटील, तिकरं चिकल जरा... खोल हाय."

पाटलाने मागे वळून मिशीवर हात फिरवला. "चिकल मना शिकवतंस? उभा जलम चिकलान गेला माजा. लावनी कोन करतं शेतावर, तुजा बाप?"

बोलणं खरं होतं. भाताच्या खाचरात पंढरी पाटलाएवढा चिखल कुणीच तुडवला नसेल. पण खाचराच्या चिखलाला खाली तळ असतो. खाडीच्या चिखलाला तळ आहे की नाही, हे बघून परत आलेला माणूस कोपरीत कुणाला माहीत नव्हता. पाटलाने दोन पावलं टाकली, वाकून चिंबोरी उचलली, आणि वळायला गेला तो पाय येईना. शेतकरी माणूस, जोर केला. पहिला पाय गुडघ्यापर्यंत गेला, त्याला सोडवताना दुसरा मांडीपर्यंत गेला. पागोटं सुटून चिखलात पडलं. आणि पलीकडे तिवरांच्या मुळांशी पाणी चकाकू लागलं होतं. पाणी फिरलं होतं.

धाकूच्या डोळ्यांपुढे सगुणा आली, तुळसा आली, चुलीतली मागेपुढे होणारी लाकडं आली. मुलीच्या बापाने वराच्या बापाला हुकूम करायचा नसतो. पण वराचा बाप शिल्लक राहिला तर वरात निघणार ना. धाकूने छाती भरून घेतली.

"ए पंढऱ्या! हलू नको! आरवा पर!"

असं म्हणतात की कळव्यात दोन माणसं खरंच आडवी पडली. पाटील मात्र धडपडतच होता.

"बैला, कान फुटलं का तुजं? तुजी पाटीलकी शीलला, हितं माजी हाय! पाठीवर पर, हात पसर, नि तोंर बंद ठेव!"

उभ्या शीळ गावात कुणी ज्याच्याकडे मान वर करून बोलत नव्हतं, तो पंढरी पाटील मुकाट्याने पाठीवर पडला आणि आभाळाकडे बघत राहिला. धाकू पोटावर सरकत गेला, फळी पाटलाच्या काखेखाली घातली, आणि एकेक पाय हळूहळू हलवून मोकळा केला. सगळा वेळ तो पाटलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. दोघे बांधाला लागले तेव्हा त्यांच्या पावलांच्या जागी पाणी होतं.

घरापर्यंत पाटील पुढे चालला, धाकू मागे. हेही स्थळ गेलं, असं तो धरून चालला होता. दारात सगुणाने चिखलाचे दोन पुतळे बघितले, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि न विचारता सगळं समजली. आत तुळसाने पाणी तापवायला ठेवलं. तिचे डोळे भरले होते, आणि ते धुरानेच असं दाखवायला ती उगाच फुंकर घालत राहिली.

पाटलाने अंघोळ केली, धाकूचं धोतर नेसलं, तीन भाकऱ्या खाल्ल्या. मग शेजारी ठेवलेली चिंबोरी उचलली. चिखलातसुद्धा ती त्याने हातची सोडली नव्हती. धाकूने सवयीने ती घेतली, धुतली, पण 'ही बघ नांगी' म्हणायचं धाडस झालं नाही. खाली मान घालून म्हणाला, "पाटील, मी लय बोललो."

"बोललास," पाटील म्हणाला. "आये गेली माजी, तवाधरनं माज्यावर कोनी वरडलाच नाय. समदी 'व्हय पाटील' म्हनतान. आज तूबी तसाच म्हनला असतास तं मी बुरालो असतो." त्याने चिंबोरी परत घेतली. "तुज्या पोरीला वरडता येतं का रं, वेलेला?"

"माजीच हाय ती," धाकू म्हणाला.

"मंग हलद कवा लावायची?"

लग्न झालं. धवलारणीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या रंगूबाईने, धवळे गाऊन गाऊन मांडव दणाणून सोडला. पाठवणी होडीने होती, मुंब्र्याच्या बंदरापर्यंत, पुढे शीळला बैलगाडीने. खाडीने वरच्या अंगाला जायचं म्हणजे भरतीच्या पाण्यावरच निघायला हवं. सगळे बांधावर थांबले. तुळसाने होडीत बसून मागे बघितलं. धाकूला तिला हाक मारायची होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या गळ्यातून आवाज निघेना. म्हणून तो हाकेऐवजी स्वतःच निघाला. बांध उतरला, चिखलात शिरला, होडीमागे चालू लागला. पाणी गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं. त्याला त्याचं भान नव्हतं. एवढी माणसं त्याने ह्या खाडीतून परत आणली होती, पण त्याला मागे बोलवायची छाती बांधावर कुणाचीच होत नव्हती.

होडीत पंढरी पाटील उभा राहिला.

"ए धाक्या! पानी फिरलंय, दिसत नाय तुना? मागं सर! घरा जा!"

धाकू थबकला. मग उभ्या जन्मात कुणाचं न ऐकलेला तो माणूस गुपचूप मागे फिरला, बांधावर सगुणाशेजारी बसला आणि पोरासारखा रडला.

होडीत तुळसाही रडत होती, पण ती ओरड ऐकून तिला हसू फुटलं. बापाचा आवाज तिच्याआधी सासरी जाऊन पोचला होता.